वेलोरच्या डॉ. आयडा स्कडर

वेलोरच्या इस्पितळाचें नांव ज्यानें ऐकिलें नाहीं असा मनुष्य खेड्यापाड्यांतही क्वचितच आढळेल. इतरांनीं हात टेकलेला रोगी शेवटीं वेलोरास न्यावा, असें आपल्याकडील लोकही बोलतात. परंतु हें इस्पितळ मूळ कोणत्या दुःखांतून निघालें हें त्यांपैकीं थोड्यांसच ठाऊक असतें. हृदयाच्या किंवा मेंदूच्या रोगांची तेथें आतां जी ख्याति आहे ती पुष्कळ मागाहूनची. आरंभीं तें बाळंतपणांत मरणाऱ्या स्त्रियांसाठीं निघालें. आणि ज्या बाईंनीं तें काढिलें त्यांच्या मनांत तरुणपणीं हिंदुस्थानांत राहावयाचें सुद्धां नव्हतें. त्या बाईंचें चरित्र येथें देण्याचें योजिलें आहे.

आयडा सोफिया स्कडर हिचा जन्म ९ डिसेंबर १८७० रोजीं मद्रास इलाख्यांतील राणीपेट येथें झाला. तिचे आजोबा डॉ. जॉन स्कडर हे १८१९ सालीं अमेरिकेहून निघून प्रथम सिलोनांत व पुढें मद्रासेकडे आले. परदेशीं गेलेले ते पहिले अमेरिकन वैद्यकीय मिशनरी होत. त्यांच्यामागून त्यांचे पुत्र ह्याच देशांत काम करूं लागले, आणि अर्काट मिशन म्हणजे स्कडरांचें घर असें म्हणण्याची पाळी आली. आयडाचे वडील, त्यांचेंही नांव जॉन, हे डॉक्टर होते. आयडा ही भावांच्या पाठीवरची धाकटी मुलगी.

ती सहासात वर्षांची असतांना १८७६ ते १८७८ चा भयंकर दुष्काळ पडला. ह्याच दुष्काळानें आपली दख्खनही होरपळून काढिली होती. बंगल्याच्या आवारांत उपाशी मुलें येऊन बसत, व लहानग्या आयडास त्यांस भाकर वांटण्यास सांगत. कांहीं मुलांच्या अंगांत हात उचलण्याचेंही त्राण उरलेलें नसे. त्यांच्या तोंडांत तिनें तुकडे मोडून घालावे लागत. हें चित्र तिच्या मनांतून कधीं गेलें नाहीं. मात्र त्यामुळें ह्या देशाविषयीं ओढ उत्पन्न झाली असें नव्हे. पुढें ती अमेरिकेस गेली, आईवडील पुनः हिंदुस्थानांत परतले, आणि मुलगी नातलगांकडे व मग नॉर्थफील्ड येथील मुलींच्या शाळेंत वाढली. ज्या कामानें आईबाप हिरावून नेले त्या कामाविषयीं तिच्या मनांत थोडी अढीच बसली होती. आपण अमेरिकेंतच राहावें, लग्न करावें, सुखाचा संसार करावा, असा तिचा बेत होता, आणि त्यांत कोणासही दोष देतां येणार नाहीं.

१८९० सालीं आई आजारी असल्याचें कळल्यावरून ती तिंडिवनम येथें आली. आईची शुश्रूषा करावी, बरें वाटतांच परत जावें, एवढाच विचार होता. तेथेंच ती रात्र आली.

ही गोष्ट वाचकांपैकीं कित्येकांनीं ऐकिली असेल. तरी ती नीट सांगितली पाहिजे, कारण ती घाईनें सांगतांना तिच्यांतील मर्म सांडतें. आयडा आपल्या खोलींत दिव्यापाशीं बसली असतां एक तरुण ब्राह्मण दाराशीं आला. त्याची अगदीं कोवळ्या वयाची बायको बाळंतपणांत अडली होती. सुईणीनें आपलें सर्व करून पाहिलें होतें व आतां आशा नाहीं असें सांगितलें होतें. आयडा म्हणाली कीं मी डॉक्टर नव्हें, डॉक्टर माझे वडील आहेत, मी त्यांस उठवितें. तें ऐकून तो तरुण मागें सरला. परपुरुषानें आपल्या बायकोचें तोंड पाहावें हें त्याच्या घराच्या रीतीस मान्य नव्हतें. मी वडिलांबरोबर येतें व ते सांगतील तसें करितें, असेंही तिनें सुचविलें. पण तोही मार्ग त्यास पतकरेना. तो निघून गेला. थोड्या वेळानें दुसरी चाहूल लागली. हा मनुष्य मुसलमान होता, आणि त्याचें गाऱ्हाणें तेंच होतें. त्यासही वडिलांस नेण्याविषयीं विनविलें, त्यानेंही तेंच उत्तर दिलें. मग तिसरा आला. तो उच्च जातीचा हिंदु होता. तिन्ही घरीं तेंच संकट, तीच विनंती, तोच नकार.

आयडास त्या रात्रीं झोंप आली नाहीं. पहाटे प्रेतयात्रेचीं वाद्यें ऐकूं आलीं. तिनें चाकरास चौकशीस पाठविलें. तिन्ही बायका मेल्या होत्या.

येथें थोडें थांबावेंसें वाटतें. ही गोष्ट सांगणारे पुष्कळ वेळां त्या तिघां नवऱ्यांस निष्ठुर ठरवून मोकळे होतात. पण ते निष्ठुर असते तर रात्रीं अंधारांतून परक्या धर्माच्या, परक्या देशाच्या लोकांच्या दारीं आलेच नसते. त्या ब्राह्मणास तर त्या उंबरठ्याशीं उभें राहणें हेंच केवढें झालें असेल! त्यांस बायको हवी होती. परंतु ज्या रीतीखालीं ते जन्मले ती मोडण्याचें बळ एका रात्रींत कोठून आणावें? विद्या त्याच घरांत, कांहीं पावलांवर, डॉक्टरांच्या हातीं होती, आणि ती विद्या पुरुषाच्या हातीं होती एवढ्याच कारणानें तिघींस तिचा उपयोग झाला नाहीं. आयडानें ही गांठ ओळखिली. सकाळीं तिनें आईवडिलांस कळविलें कीं आपण अमेरिकेस जाऊन डॉक्टरी शिकणार व परत येणार.

त्या काळीं बाळंतपणांत बायका कशानें मरत हें वाचकांस ठाऊक असलेलें बरें. मूल आडवें आल्यानें किंवा आईचें कंबरेचें हाड अरुंद असल्यानें सुटका होत नसे, आणि बाई दोनदोन तीनतीन दिवस वेणा देऊन थकून जाई. लहान वयांत लग्न झालेल्या मुलींची हीच दशा विशेष होई, कारण हाड पुरें वाढण्यापूर्वींच पोट येई. कोणाची वार अडकून अंगावरून इतकें रक्त जाई कीं घटकाभरांत सर्व आटोपे. कोणास शेवटल्या दिवसांत अंगावर सूज येऊन आंकडी येई. घरचे लोक ती भुताची बाधा समजत. आणि चौथा शत्रु सूतिकाज्वर. बाळंतीण दोन दिवस बरी दिसे, मूल अंगावर पिई, आणि तिसऱ्या दिवशीं हीव भरून ताप चढे. हा ज्वर बहुधा हातांतून शिरे. व्हिएन्ना येथील डॉ. झेमेलवाइस ह्यांनीं १८४७ सालीं असें दाखविलें होतें कीं शवांची चिरफाड करून आलेले वैद्य क्लोरीनच्या चुन्याच्या पाण्यानें हात धुवूं लागले म्हणजे त्यांच्या वार्डांतील मृत्यु झपाट्यानें उतरतात. त्यांच्या हयातींत बहुतेकांनीं तें मानिलें नाहीं. तेव्हां न धुतलेल्या हातांचा सर्व दोष आमच्या गांवच्या सुईणीच्याच माथीं मारणें न्यायाचें होणार नाहीं. विद्वानांच्या इस्पितळांतही तोच दोष होता.

१८९५ सालीं आयडा फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयांत शिरली. ह्याच महाविद्यालयांतून आपल्या डॉ. आनंदीबाई जोशी ह्या १८८६ सालीं पदवी घेऊन बाहेर पडल्या होत्या. आनंदीबाईंसही ह्या वाटेस एका दुःखानेंच लाविलें होतें. चौदाव्या वर्षीं त्या प्रसूत झाल्या व मूल दहा दिवसांत गेलें. त्यांनीं आपला प्रबंधही हिंदु स्त्रियांच्या प्रसूतिशास्त्रावर लिहिला. १८८७ सालीं पुण्यास त्यांचें देहावसान झालें, तेव्हां त्यांस ह्या देशांत डॉक्टरी सुरू करण्यास अवसरही मिळाला नव्हता. दोघींची गांठ कधीं पडली नाहीं. परंतु एकीचें राहिलेलें काम दुसरीनें ह्याच देशांत उचलिलें, असें मनांत आल्यावांचून राहत नाहीं. आयडानें शेवटलें वर्ष न्यूयॉर्कच्या कॉर्नेल महाविद्यालयांत काढिलें. तें नुकतेंच स्त्रियांस खुलें झालें होतें, आणि १८९९ सालीं तेथून जो स्त्रियांचा पहिला वर्ग उत्तीर्ण झाला त्यांत ती होती.

निघण्यापूर्वीं तिच्यावर एक काम सोंपविण्यांत आलें: वेलोर येथें स्त्रियांसाठीं लहानसें इस्पितळ बांधण्यास आठ हजार डॉलर जमवावे. भीक मागण्याची तिला मुळींच हौस नव्हती, आणि कित्येक दिवस पदरीं कांहींच पडलें नाहीं. शेवटीं ती एका मिशन मंडळाच्या अध्यक्षिणीकडे बोलण्यास गेली असतां त्यांचे वृद्ध आप्त, शेल नांवाचे पेढीवाले गृहस्थ, ह्यांच्या कानीं तें पडलें. त्यांनीं तिला बोलावून बारीकसारीक प्रश्न विचारिले आणि आपल्या दिवंगत पत्नीच्या स्मरणार्थ दहा हजार डॉलर दिले.

१९०० सालच्या पहिल्या दिवशीं डॉ. आयडा स्कडर हिंदुस्थानांत उतरल्या. बरोबर त्यांची मैत्रीण अ‍ॅनी हॅनकॉक होती. वडिलांच्या हाताखालीं कांहीं वर्षें अनुभव घ्यावा असा बेत होता; परंतु थोड्याच महिन्यांत वडील वारले. एकोणतीस वर्षांची ही बाई, हातीं नवी पदवी, अनुभव नाहीं, इस्पितळ नाहीं, सोबतीस दुसरा डॉक्टर नाहीं. बंगल्यांतील एका लहानशा खोलींत त्यांनीं दवाखाना मांडिला व वाट पाहत बसल्या. कोणी येईना.

कां येईना? लोक वडिलांस ओळखत होते, मुलीस नव्हते. पुरुष डॉक्टरास घरांत घेतां येत नाहीं म्हणून ज्या घरीं बायका मेल्या, त्याच घरीं आतां बाई डॉक्टर मिळाली असतां तिच्यावर विश्वास बसेना. मनुष्याच्या मनाची ही चाल पुष्कळ ठिकाणीं दिसते. उपाय दाराशीं आला म्हणजे त्याची ओळख पटण्यास आणखी कांहीं वर्षें जावीं लागतात. ज्या बायका शेवटीं आल्या त्या घरगुती उपाय संपल्यावर आल्या, आणि कांहीं आल्या त्या मरण्यासच आल्या. एकदोघी दगावल्या तर सबंध गांव पाठ फिरवील हें भय बाईंस रात्रंदिवस असे. स्वयंपाक्याची बायको सलोमी हिला त्यांनीं हाताशीं घेतलें, भांडीं उकळून घेण्यास व हात घांसून धुण्यास शिकविलें, आणि तिच्याच साह्यानें शस्त्रक्रिया केल्या. हळूहळू वाट पडली. पहिल्या दोन वर्षांत त्या एका खोलीवर हजारों रोगी येऊन गेले.

१९०२ सालीं चाळीस खाटांचें मेरी टेबर शेल इस्पितळ उघडलें. तेथें येणाऱ्या बायकांत एक वर्ग असा होता कीं त्याविषयीं वर्तमानपत्रांत सहसा लिहीत नाहींत. परंतु न लिहिल्यानें दुःख कमी होत नाहीं. अडलेली बाई दोन तीन दिवसांनीं मेलेलें मूल टाकून जगली, तरी पुष्कळदां तिच्या देहास कायमची खोट येई. मुलाच्या डोक्याचा दाब पडून मूत्राशयाचा भाग झडे, तेथें भोंक पडे, आणि मग लघवी अष्टौप्रहर गळत राही. अंगास दुर्गंधि येई. नवरा टाकून देई, सासरचे गोठ्यांत ठेवीत, देवळांत व पाणवठ्यावर कोणी उभें करीत नसे. अशी बाई सोळासतरा वर्षांची सुद्धां असे. तें भोंक शिवून बुजविणें हें अत्यंत कठीण काम आहे; जागा खोल, नाजूक, आणि पहिला प्रयत्न फसल्यास दुसरा त्याहून अवघड. ज्या शस्त्रक्रियांमुळें डॉ. स्कडरबाईंचें नांव झालें त्यांत ही एक होती.

पण इस्पितळ वेलोरास, आणि बायका खेड्यांत. अडलेल्या बाईस बैलगाडींतून दहापंधरा कोस आणीपर्यंत काय उरावें? म्हणून बाई स्वतः बाहेर पडूं लागल्या. प्रथम गाडी जुंपून, आणि १९०९ पासून एका लहानशा फ्रेंच प्यूजो मोटारींतून, गुडियात्तमच्या रस्त्यानें त्या ठराविक दिवशीं जात, व झाडांखालीं थांबून रोगी पाहत. त्या भागांत लोकांनीं मोटार कधीं पाहिली नव्हती. आरंभीं तिचा आवाज ऐकून माणसें पळत. पुढें तींच माणसें रस्त्याच्या कडेस सावलींत ओळीनें बसूं लागलीं. गळवें, डोळे, महारोगाचे व्रण, खरूज असें सर्व काम तेथें चाले, आणि त्यांतच गरोदर बाई वेळेवर दृष्टीस पडे. तिला अगोदरच इस्पितळांत येऊन राहण्यास सांगतां येई. माझ्या मतें बाईंचें शहाणपण ह्या रस्त्यावरील दवाखान्यांत जितकें दिसतें तितकें शस्त्रक्रियेच्या टेबलाजवळही दिसत नाहीं.

काम वाढलें तसा एक हिशेब त्यांस छळूं लागला. एक डॉक्टर दिवसास किती बायका पाहील? जिल्ह्यांत खेडीं हजारों. अमेरिकेहून आणखी दहा जणी आणिल्या तरी समुद्रांत थेंब. तेव्हां ह्या देशच्या मुलींसच शिकविलें पाहिजे. १९०९ सालीं त्यांनीं परिचारिकांची शाळा काढिली. ह्यापूर्वीं १८९४ सालीं लुधियाना येथें डॉ. एडिथ ब्राउन ह्यांनीं स्त्रियांसाठीं वैद्यकीय शाळा सुरू केली होती. दक्षिणेंत मात्र तशी सोय नव्हती. बाईंनीं मद्रास सरकारकडे परवानगी मागितली. सर्जन-जनरल साहेबांस ही कल्पना फोल वाटली. मुली मिळणार नाहींत असा त्यांचा अभिप्राय होता; निदान सहा मिळाल्या तर आरंभ करा असें त्यांनीं सांगितलें. अर्ज त्याहून कितीतरी अधिक आले. १९१८ सालच्या ऑगस्टांत, महायुद्ध चालू असतांना, सतरा मुलींचा पहिला वर्ग भरला. सरंजाम म्हटला तर थोडीं पुस्तकें, एक सूक्ष्मदर्शक यंत्र आणि मनुष्याचीं कांहीं हाडें. शिकविण्याचा बहुतेक भार बाईंवरच.

पहिल्या वर्षाची सरकारी परीक्षा आली. ती पुरुषांच्या शाळांस व ह्या मुलींस एकच होती. एकही मुलगी उत्तीर्ण न झाल्यास खट्टू होऊं नये, असें त्यांस आधींच बजावण्यांत आलें होतें. निकाल लागला तेव्हां परीक्षेस बसलेल्या चौदाही मुली उत्तीर्ण झाल्या होत्या, कित्येक वरच्या वर्गांत. आणि पुरुषांच्या शाळांतून बहुसंख्य मुलगे नापास झाले होते. त्या चौदा जणी १९२२ सालीं डॉक्टर होऊन बाहेर पडल्या. ज्या प्रदेशांत बाईस वैद्याकडे नेणेंही लज्जास्पद वाटे, त्याच प्रदेशांतील मुली आतां वैद्य झाल्या. त्यांच्या दारीं रात्रीं कोणी नवरा आला तर परत जाण्याचें कारण उरलें नाहीं.

संस्था वाढण्यास पैसा लागला, आणि तो बहुतेक स्त्रियांनींच दिला. अमेरिकेंतील ल्यूसी पीबॉडी ह्या बाईंच्या पुढाकारानें पंथभेद बाजूस सारून अनेक मंडळ्यांच्या स्त्रियांनीं आशियांतील स्त्रीमहाविद्यालयांसाठीं मोठा निधि गोळा केला. त्यांतील वांटा वेलोरास आला. गांवांत नवें इस्पितळ उभें राहिलें, गांवाबाहेर डोंगरांच्या पायथ्याशीं विद्यालयाच्या इमारती झाल्या. सरकारनें कैसर-इ-हिंद पदक दिलें. अमेरिकेंतून कोणी केवळ त्यांचें नांव व हिंदुस्थान एवढाच पत्ता घालून पत्र टाकिलें तरी तें पोंचत असे, असें सांगतात. विद्यार्थिनी त्यांस आंट आयडा म्हणत.

आतां त्यांच्या आयुष्यांतील अत्यंत कडू भाग सांगावयाचा. १९३८ च्या सुमारास मद्रास सरकारनें ठरविलें कीं यापुढें चार वर्षांचा कमी दर्जाचा वैद्यकीय अभ्यासक्रम बंद व्हावा. शिकवावयाचें तर विद्यापीठाच्या पदवीपर्यंत शिकवावें. नियम योग्यच होता. परंतु त्यासाठीं लागणारे अध्यापक, प्रयोगशाळा व खाटा वेलोरास नव्हत्या. बाईंचें वय सत्तरीकडे झुकलेलें. मुलींची शाळा मिटवावी, कीं पुरुषांसही प्रवेश देऊन अनेक मिशनांचा आधार मिळवावा? दुसरा मार्ग पुढें येतांच अमेरिकेंत मोठा वाद माजला. ज्या बायकांनीं वर्षानुवर्षें डॉलर डॉलर जमवून स्त्रियांसाठीं म्हणून हें विद्यालय उभारिलें त्यांस वाटलें कीं आपल्याशीं वचनभंग होत आहे. पुरुष आले म्हणजे मुलींच्या जागा जातील, अधिकार जातील, ही भीति निराधार नव्हती. बाई स्वतः कित्येक दिवस दोलायमान होत्या. शेवटीं त्यांनीं दोघांसाठीं विद्यालय ठेवण्याचा पक्ष घेतला, आणि त्यामुळें जुन्या जिवलग साहाय्यकर्त्या दुरावल्या. ज्यांच्या मैत्रीवर सर्व उभें राहिलें त्यांच्याकडूनच त्यांस कठोर शब्द ऐकावे लागले. महायुद्धाच्या काळांत त्या अमेरिकेंत गांवोगांव फिरून निधि जमवीत होत्या. १९४२ सालीं मद्रास विद्यापीठानें पदवीच्या अभ्यासक्रमास मान्यता दिली, आणि १९४७ सालीं पहिले विद्यार्थी मुलींच्या शेजारीं बसले. त्या बायकांचें चुकलें असें मला म्हणवत नाहीं. बाईंचें चुकलें असेंही म्हणवत नाहीं.

१९४६ सालीं बाई कामावरून निवृत्त झाल्या. लौकरच संस्थेचीं सूत्रें डॉ. हिल्डा लाझारस ह्या भारतीय बाईंच्या हातीं आलीं. त्या स्वतः प्रसूतिशास्त्रांत निष्णात होत्या. डॉ. स्कडर ह्या उतारवयांत कोडाइकनाल येथें राहत असत. तेथेंच २४ मे १९६० रोजीं, एकोणनव्वद वर्षांच्या होऊन, त्या वारल्या.

त्यांच्या हयातींत व नंतर जगांत ह्या बाबतींत काय पालटलें तें पाहिल्यावांचून हें चरित्र अर्धेंच राहील. इंग्लंडांत सुद्धां १९३५ पर्यंत दर हजार बाळंतपणांमागें सुमारें चार माता दगावत, आणि हा आंकडा पाऊणशें वर्षें फारसा हलला नव्हता. मग सल्फा औषधें निघालीं. १९३६ सालीं लंडनांतील डॉ. कोलब्रुक ह्यांनीं सूतिकाज्वरावर तीं वापरून दाखविलीं. पुढें पेनिसिलिन आलें, रक्त सांठवून देण्याची सोय झाली, पोट फाडून मूल काढणें निर्भय झालें, आणि दहापंधरा वर्षांत तेथील मृत्यु एकदम उतरले. आपल्या देशांत १९४६ सालीं भोर समितीनें जो अंदाज दिला तो हजारीं सुमारें वीस मातांचा होता. म्हणजे वर्षास दोन लाख. २०१८ ते २०२० ह्या काळांतील सरकारी पाहणींत भारतांत दर लाख जन्मांमागें ९७ मातामृत्यु आढळले, तमिळनाडूंत ५४, महाराष्ट्रांत ३३. भोर समितीचा आंकडा लाखावर मांडला तर २,००० होतो. २०१९ ते २०२१ च्या पाहणीप्रमाणें शेंकडा ८९ बाळंतपणें दवाखान्यांत होऊं लागलीं.

सर्व जगाचा विचार केला तर २००० ते २०२३ ह्या वर्षांत मातामृत्यूंचें प्रमाण शेंकडा सुमारें ४० नीं उतरलें. तरी २०२३ सालीं सुमारें २,६०,००० स्त्रिया गरोदरपणांत किंवा बाळंतपणांत मेल्या. म्हणजे दर दिवशीं सातशेंहून अधिक. त्यांतील बहुतेक सर्व गरीब देशांतील, आणि शेंकडा सुमारें सत्तर आफ्रिकेंत सहारा वाळवंटाच्या दक्षिणेस. कारणें जुनींच: रक्तस्राव, आंकडी, ज्वर, अडलेली सुटका. औषधें मात्र आतां आहेत, आणि तीं महागही नाहींत. १९९४ सालीं दोघां अभ्यासकांनीं असें मांडिलें कीं बाई तीन विलंबांनीं मरते: दवाखान्यांत न्यावें हें घरांत ठरण्यास लागणारा विलंब, तेथें पोंचण्यास लागणारा विलंब, आणि पोंचल्यावर योग्य उपचार मिळण्यास लागणारा विलंब. तिंडिवनमच्या त्या तिघींस दुसरा विलंब फारसा नव्हता, तिसराही नव्हता. पहिल्यानेंच त्या गेल्या. खेड्यांत राहणाऱ्या वाचकांनीं आपल्या ओळखींतील एखादें बाळंतपण आठवून पाहावें. वेळ कोठें गेला हें त्यांस आमच्यापेक्षां अधिक नीट सांगतां येईल.

शेलसाहेबांच्या पैशांनीं १९०२ सालीं उभें राहिलेलें तें चाळीस खाटांचें इस्पितळ मोडलें नाहीं. बाळंतपणें पुढें गांवांतील मोठ्या इस्पितळांत होऊं लागलीं, आणि जुन्या जागेंत डोळ्यांचा दवाखाना आला. वेलोरांत तो शेल नेत्ररुग्णालय ह्या नांवानेंच ओळखला जातो.